आमेन राहिलं होतं

“आपण प्रार्थना करू या,” फिलेमोन बापू म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटलेसुद्धा.

रवी त्यांच्या हातात होती. ताक घुसळायची साधी रवी, माझ्याच स्वयंपाकघरातली. मी ती त्यांच्या हाती दिली होती बोलण्यासाठी. ज्याच्या हातात रवी त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं, एवढा एकच नियम मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितला होता. प्रश्नही एकच विचारला होता, की बापू, त्या शनिवारी काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा. पण बापूंनी डोळे मिटले तसे सगळ्यांनी मिटले. आमच्या ह्यांनी तर सर्वांच्या आधी मिटले. पाळकाच्या बायकोनं एकटीनं डोळे उघडे ठेवून कसं चालेल? मीही मिटले.

मग बापूंनी सगळं सांगितलं, पण आम्हाला नाही, देवाला. “हे दयाळू पित्या, तू जाणतोस की घंटेची दोरी जुनी झाली होती. तुझ्या दासानं बाकीच्या पंचांना वेळोवेळी सांगितलं, तेही तू जाणतोस. ऐन वेळी ती तुटली, यात तुझ्या दासाचा काय दोष? पण हे पित्या, काही अंतःकरणांत कडूपणाचं मूळ वाढलं आहे, ते तू उपटून टाक.” काही अंतःकरणं म्हणजे रत्नाबाई. त्या समोरच्याच सतरंजीवर बसल्या होत्या. देवाला साक्षीला उभं केल्यावर उलटतपासणी करणार कोण? बापूंची प्रार्थना पुढे आजाऱ्यांवर गेली, विधवांवर गेली, सरकारवर गेली, पावसापाण्यावर गेली. आमेन झालं तेव्हा माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि चुलीवरचं चहाचं आधण आटून गेलं होतं.

रवी पुढे रत्नाबाईंकडे गेली. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरून एकदा फिरवली आणि म्हणाल्या, “दोरी तुटली नव्हती.”

एवढंच. मला वाटलं, आता बोलतील, आता मोकळ्या होतील. आणि माझ्या शेजारून आमच्या ह्यांचा मऊ, घाबरलेला आवाज आला. “आपण पुन्हा एकदा प्रार्थना करू या.”

मी तिथं ओरडले नाही याचं मला आजही नवल वाटतं.

ही गोष्ट जुनी आहे. घरोघरी फोन नव्हते तेव्हाची. माझे यजमान तेव्हा प्रवरेच्या पट्ट्यात, बेलगावच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचे पाळक होते आणि मी तिथल्याच शाळेत शिकवत होते. पुण्याला पाळकांसाठी एक शिबिर होतं. ह्यांना नेमकी कावीळ झाली, म्हणून ह्यांच्या जागी मी गेले. मंडळीत कुणी कुणाला दुखावलं तर काय करायचं, हे तिथं शिकवलं. नियम कुठला मोडला आणि शिक्षा काय द्यायची, हे आधी विचारायचं नाही. कुणाला लागलं, त्याला आता काय हवं, आणि ते भरून देणं कुणाचं काम, हे विचारायचं. ते सगळ्यांनी गोल बसून, एकेकानं बोलून ठरवायचं. मला ते इतकं पटलं की परतीच्या एसटीत बसल्या बसल्या गावातलं कुठलं भांडण आधी घ्यायचं ते मी ठरवून टाकलं. अंगात नवा उत्साह होता. तो उतरायला फार दिवस लागले नाहीत.

बोलणाऱ्याच्या हातात द्यायला मी आधी नदीतला एक गुळगुळीत गोटा आणला होता. महिला मंडळाच्या यमुनाकाकू बैठकीला येऊन बसल्या, गोट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “धोंडा कशाला वं बाई? पहिला कोन मारनार हाय?” सगळे हसले. तेव्हा मी आत जाऊन रवी आणली. त्या पहिल्या बैठकीतलं मनापासूनचं हसणं तेवढंच.

भांडण असं होतं. बेलगावची आमची माणसं एका जागी राहत नव्हती. चार घरं चर्चपाशी, बाकी सगळी उसाच्या रानातून दूर दूर वस्त्या करून. घंटा वाजली की सगळ्यांना कळायचं. भरभर वाजली की उपासना, आणि थांबून थांबून एकेक ठोका पडला की कुणीतरी गेलं. तसा ठोका ऐकला की माणूस हातातलं खुरपं तिथंच टाकून निघायचा. घंटेची दोरी फिलेमोन त्रिभुवन यांच्या हातात होती. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी सर्वांत जुने, उंच, ताठ, पांढरी टोपी. सगळे त्यांना बापू म्हणायचे.

आम्ही बेलगावला येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात रत्नाबाईंचा नवरा नथानेल वैरागर एका शनिवारी सकाळी गेला. गाव त्याला नाथा म्हणायचं. भजनात ढोलकी वाजवायचा, नाताळात सोंगं काढायचा. तो गेला आणि घंटा वाजली नाही. ऊन कडक, त्याच संध्याकाळी माती द्यावी लागली. वस्त्यांवर कुणाला कळलंच नाही. तेव्हाचे पाळक परगावी होते, नाथाच्या भावानंच चार वचनं वाचली. पेटीला खांदा द्यायला माणसं पुरेनात, म्हणून ती उसाच्या गाडीतून कबरस्तानात न्यावी लागली. दुसऱ्या दिवशी रविवारी उपासनेची घंटा मात्र ठणठणीत वाजली. बापू म्हणाले, दोरी तुटली होती, रात्री नवी बांधली.

खरं काय ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

त्यावर मीठ चोळलं ते आमच्या ह्यांनी. नवीन आले होते, हौस दांडगी. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही त्यांना पुढं बोलावून हात मिळवायला लावतात. दोघांचं पटत नाही एवढंच ह्यांच्या कानावर आलेलं. ह्यांनी सगळ्या मंडळीदेखत रत्नाबाईंचा हात धरून बापूंच्या हातात दिला. बापू म्हणाले, “झालं गेलं विसरून जा, मी तुला क्षमा केली.” बापूंनी! रत्नाबाईंनी भाकर न घेता पदर सावरला आणि बाहेर पडल्या. त्यानंतर त्या चर्चच्या पायरीला शिवल्या नाहीत.

आता त्यांच्या मुलीचं, कृपाचं लग्न ठरलं होतं. तिला बापाच्या चर्चमध्येच लग्न लावायचं होतं. नवरामुलगा जालन्याचा, ते लोक म्हणत होते की तुमच्यात वाद आहे तर आमच्याकडे लावू. लग्नाची पहिली पुकार, म्हणजे उपासनेत सगळ्यांदेखत करायची घोषणा, कुठल्या चर्चमध्ये करायची ते त्याच आठवड्यात कळवायचं होतं. रत्नाबाईंचं म्हणणं सरळ होतं. बापूंनी एक वाक्य बोलावं, की दोरी धड होती. नाहीतर त्या चर्चमध्ये पाय ठेवणार नाहीत, आणि त्या हातानं आपल्या लेकीच्या लग्नाची घंटा वाजू देणार नाहीत. कृपा रडून रडून सुजली होती. एका वाक्यावर सगळं अडलेलं.

आणि आम्ही प्रार्थना करत होतो.

बैठक उठल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. ह्यांचं म्हणणं, वातावरण तापलं की प्रार्थनेनं निवतं. मी म्हटलं, तापू द्या की. तापलंच नाही तर शिजणार काय? हे दुखावले. म्हणाले, “सरोज, पाळकाच्या ओट्यावर प्रार्थनेला बंदी घालायची म्हणतेस?” मी म्हटलं, बंदी नाही, सुरुवातीला एक आणि शेवटी एक, मध्ये नको. पण ही गोष्ट कुणीतरी बाहेर नेली, बहुधा यमुनाकाकूंनी, आणि सोमवारच्या बाजारात भाजीवालीपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की पाळकीणबाई पुण्याहून काहीतरी शिकून आलीय आणि लोकांना प्रार्थना करू देत नाही. एकीनं मेथीची जुडी पुढे करत मला विचारलं, “बाई, तुम्ही दुसऱ्या पंथात गेला का?”

मी मेथी न घेताच घरी आले. खरं तर मला तेव्हा सगळ्यांचाच वीट आला होता. बापूंचा आला होता, ह्यांचा आला होता, पुण्याच्या शिबिरात गोड गोड बोलणाऱ्या त्या माणसांचाही आला होता. त्यांना काय जातंय सांगायला, गोल बसा म्हणून!

तरीही दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चर्चकडे गेले. बापू घंटेखालच्या पायरीवर दोरीला तेल लावत बसले होते. मी शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी सरळ विचारलं, नाथाशी तुमचं काय बिनसलं होतं? त्यांनी बराच वेळ दोरीच चोळली. मग सांगितलं. नाताळच्या सोंगांमध्ये नाथानं त्यांची नक्कल केली होती. त्यांच्या प्रार्थनेची. उभं राहणं, टोपी काढणं, “हे दयाळू पित्या” म्हणून आवाज चढवणं, आणि मग सरकार, पाऊस, गुरंढोरं. सगळं चर्च पोट धरून हसलं. पोरं तर लोळली.

“हसू द्या, त्याचं कायी नाय,” बापू म्हणाले. “पन बाई, तव्हापासून मी प्रार्थनेला उभा राहिलो का मला माझा आवाज ऐकू येत नाय. नाथाचा येतो. देवाशी बोलायची माझी एकच वाट व्हती, तिच्यात त्यो येऊन बसला.”

मला काय बोलावं ते सुचेना. इतके दिवस मी त्यांना ढोंगी म्हणत होते, मनातल्या मनात आणि ह्यांच्यासमोर उघडसुद्धा. मी म्हटलं, बापू, हेच रवी हातात घेऊन बोला. त्यांनी टोपी घातली, दोरी खुंटीला गुंडाळली आणि म्हणाले, “पंच मानूस असं बोलत नसतो.” आणि निघून गेले. मी तिथं पायरीवर बसून राहिले, तेलाचा वास घेत. इतका संताप मला क्वचितच आला असेल. माणूस दारापर्यंत येतो आणि कडीला हात लावत नाही.

दुसरी बैठक गुरुवारी, पुन्हा आमच्याच ओट्यावर. तीच माणसं: हे, मी, बापू, यमुनाकाकू आणि रत्नाबाई. सुरुवातीची प्रार्थना ह्यांनी केली, मी आधीच बजावल्यामुळे अगदी आटोपशीर. मग मी रवी आधी बापूंना दिली. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवली, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता दोरी कुठल्या बाजारातून आणली, किती जाड होती, कशी झिजली, याचंच पुराण लावलं आणि रवी पुढे सरकवली. यमुनाकाकू म्हणाल्या, समद्यांनी मिळून मिसळून राहावं. ह्यांनीही साधारण तेच, जरा शुद्ध भाषेत म्हटलं. मी घड्याळाकडे पाहत होते. जालन्याचे लोक शनिवारी निरोप न्यायला येणार होते.

रवी रत्नाबाईंच्या हातात गेली. त्या ती तळव्यांत फिरवत राहिल्या, घुसळल्यासारखी, इकडून तिकडं. बोलेनात. रानातल्या पाण्याच्या मोटारीची धडधड तेवढी ऐकू येत होती. शांतता लांबली, आणि मला ह्यांचा घसा खाकरलेला ऐकू आला. हे तोंड उघडणारच होते.

“थांबा पाळकसाहेब,” रत्नाबाई म्हणाल्या. “आज मी करते प्रार्थना.”

मी कपाळाला हात लावायचीच बाकी होते. ही बाईसुद्धा! पण प्रार्थना म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे मिटले, माना खाली गेल्या. बापूंनी टोपी काढली.

“हे प्रभो,” त्या म्हणाल्या, “डोळे मिटले का मला त्यो शनवार दिसतो, म्हनून मी उघड्या डोळ्यानंच बोलते. तुला चालंल.”

मी डोळे उघडले. रत्नाबाई बापूंकडे पाहत होत्या. बाकी तिघांचे डोळे मिटलेले.

“त्या दिशी सकाळी नाथा गेला. तू नेलास, तुझ्याशी माझं भांडान नाय. मी तशीच बापूंच्या दारात गेले. बापू दात घाशीत व्हते. म्या म्हनले, बापू, नाथा गेला, घंटा द्या. बापू म्हनले, तू हो पुढं, आलोच. मी घरी आले आन् कान लावून बसले. त्याला आंघुळ घातली तव्हा कान घंटंकडं. पेटी आली तव्हा कान घंटंकडं. आता वाजंल, मंग वाजंल. नवरा मेल्यावर बाई रडती, प्रभो. मी रडले नाय. रडले तर घंटा ऐकू यायची नाय म्हनून.”

बापू हलले. एक हात जमिनीला टेकून ते उठू पाहत होते. पण प्रार्थना चालू असताना उठायचं कसं? जन्मभर त्यांनीच पोरांना दटावलं होतं, प्रार्थनेत हलू नका म्हणून. ते पुन्हा बसले. डोळे त्यांनी घट्ट मिटून घेतले होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं या बाईनं काय केलंय ते. पुण्याचा माझा नियम इथं कुणी पाळला नव्हता, पण हा नियम मोडण्याची कुणाची छाती नव्हती. प्रार्थना करणाऱ्याच्या मध्ये कुणी बोलत नाही.

त्या सांगत राहिल्या. उसाची गाडी, तिच्यात अजून पाचट पडलेलं, पेटी हलू नये म्हणून कडेला लावलेली पोती. कबरस्तानात माती लोटायला आलेले तिघंचौघं. ज्या वस्त्यांवर नाथा रात्र रात्र भजनात ढोलकी वाजवायचा तिथलं कुणीही नाही. आणि रविवारी सकाळी, चुलीपुढं बसलेली असताना, कानावर आलेली घंटा.

“आता मी आमेन म्हनत नाय, प्रभो,” त्या शेवटी म्हणाल्या. “ज्यानं दोरी धरली व्हती त्यानं म्हनावं, हे खरं असंल तर.”

आणि त्या गप्प झाल्या.

आमेन नाही म्हणजे प्रार्थना संपलेली नाही. प्रार्थना संपलेली नाही म्हणजे डोळे उघडता येत नाहीत, उठता येत नाही, दुसरं काही बोलता येत नाही. आम्ही तसेच बसून राहिलो. सवयीनं ह्यांच्या ओठांवर आमेन आलंच होतं, मी ह्यांच्या गुडघ्याला करकचून चिमटा काढला. यमुनाकाकूंनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. बापूंच्या कपाळावर घाम होता. मोटार धडधडत होती. मला वाटलं आता हा माणूस अंधार पडेपर्यंत इथंच मान खाली घालून बसेल, पण हरणार नाही.

“दोरी धड व्हती,” बापू म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की क्षणभर मला तो त्यांचा वाटलाच नाही.

“मी दोरीपाशी गेलो व्हतो. हातात घेतली व्हती. आन् मला त्याची नक्कल आठवली. म्हनलं, मला हसला ना, मंग जा आता गुपचूप.” त्यांनी टोपीनं कपाळ पुसलं. “दुपारी वाटलं वाजवावी. पन मंग लोक इचारतील, सकाळी का नाय. म्हनून नाय वाजवली.”

रत्नाबाईंनी रवी फिरवायची थांबवली. “नाताळात मी बी हसले व्हते, बापू,” त्या म्हणाल्या. “ते चुकलं माझं. घरी गेल्यावर मी त्याला बोलले व्हते, पन हसले व्हते.”

झालं. माझे डोळे भरून आले होते. एवढ्यात हे उठले, आनंदानं नुसते फुललेले, आणि एका हातानं बापूंचा हात धरून दुसरा हात रत्नाबाईंकडे नेऊ लागले. मी “अहो” म्हणेपर्यंत रत्नाबाईंनी दोन्ही हात रवीभोवती आवळले होते.

“हात नगं, पाळकसाहेब. मागं एकदा दिलाय.” मग बापूंकडे वळून त्यांनी विचारलं, “मानूस मेल्यावर घंटा काय करती?”

बापूंना समजेना. “काय करती म्हंजी? सांगती.”

“मंग तुमी सांगा. घंटंनं नाय सांगितलं, तुमच्या तोंडानं सांगा. वस्ती वस्तीवर जा आन् सांगा, नाथा वैरागर गेला म्हनून.”

हे म्हणाले, अहो रत्नाबाई, ते आता सगळ्यांना माहीतच आहे. आता कुणाला काय सांगायचं? लोक हसतील बापूंना.

“हसू द्या,” रत्नाबाई म्हणाल्या. रवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पायात चपला घालून निघून गेल्या.

ते दोन दिवस मला आठवतात ते ह्यांच्या तळमळीमुळे. बापू जातील की नाही याची तळमळ मला होती. ह्यांना वेगळीच. ती प्रार्थना तशीच उघडी राहिली होती. ताटावर बसले की हे घास हातात धरून थांबायचे. “सरोज, तिनं आमेन म्हटलंच नाही गं. कुणीच नाही म्हटलं. मग जेवणाची प्रार्थना मी कशी करू? ती आधीची अजून चालू आहे.” मी म्हटलं, चालू असू दे, तुम्ही जेवा. मनातून मला हसूही येत होतं आणि रागही. एवढ्या मोठ्या माणसाला रुतून बसलं होतं ते आमेन. बापूंचं घर बंद होतं. शुक्रवारी संध्याकाळीही बंद. मी समजून चुकले. गेले असतील मुलाकडे, वांबोरीला. पंच मानूस असं बोलत नसतो.

शनिवारी सकाळी मी शाळेतून आले, तर आमच्या फाटकात बापू. टोपी हातात, चपला बाहेर काढलेल्या, पाय घोट्यापर्यंत मातीनं माखलेले. चेहरा दोन दिवसांत उतरून गेलेला. मी म्हटलं, या बापू, बसा. ते आत आले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “नाथा वैरागर गेला.”

मी नाथाला कधी पाहिलं नव्हतं. तो गेला त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आम्ही या गावात आलो होतो. माझ्यापाशी येण्याचं बापूंना काहीच कारण नव्हतं. पण तशी बातमी कुणी दारात येऊन सांगितली की तोंडून जे निघतं तेच माझ्या तोंडून निघालं.

“कधी?”

“शनवारी सकाळी,” बापू म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं.” आणि ते फाटकाच्या दगडावर मटकन बसले.

मी त्यांना पाणी दिलं. कुठं कुठं जाऊन आलात, विचारलं. सगळीकडे. कालव्यापलीकडच्या शेवटच्या वस्तीवरसुद्धा. काही लोक गोंधळले, एकानं विचारलं, बापू, बरं नाही का? एक म्हातारी मात्र ऐकल्या ऐकल्या पदर तोंडाला लावून रडायला लागली, जणू आत्ताच कळलं. “मला म्हनली, चल, मी येते तिच्याकडं. म्या म्हनलं, अगं आता कुठं? तर म्हनली, कळलं ना आता, मंग जायाला नगं?”

हे, बापू आणि मी रत्नाबाईंच्या घरी पोचलो तेव्हा अंगण भरलं होतं. मी असं काही होईल अशी कल्पनाही केली नव्हती, आणि मला वाटतं रत्नाबाईंनीही नव्हती. दूरदूरच्या वस्त्यांवरची माणसं, उन्हात चालून आलेली. पुरुष लिंबाखाली गप्प बसलेले. बायकांनी टोपल्यांतून भाकरी, पिठलं, ठेचा आणलेला, जसा मातीच्या दिवशी दुःखाच्या घरी नेतात तसा. यमुनाकाकू कुणाला पाणी, कुणाला सतरंजी देत फिरत होत्या. जालन्याचे दोघं पाहुणे लग्नाचा निरोप न्यायला आले होते. ते बावरून दाराशी उभे होते, कृपा त्यांना हळू आवाजात काहीतरी समजावत होती.

रत्नाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच म्हणत होत्या, अगदी चिडून. “लई उशीर केलासा. लई उशीर केलासा.” आणि चिडत चिडतच भाकरी हातात घेऊन आत ठेवत होत्या. डोळे कोरडे.

हे सवयीनं पुढे झाले, घसा खाकरला, म्हणाले, “आपण प्रार्थना...” आणि एकदम माझ्याकडे बघून गप्प झाले.

“तुमी नगं,” रत्नाबाई म्हणाल्या. “बापूंना करू द्या.”

बापू लिंबाखाली सगळ्यांच्या मागे उभे होते. ते पुढे आले. टोपी काढली, मान वर केली, आणि त्यांचा तो नेहमीचा सूर लागला. “हे दयाळू पित्या...”

तिथंच ते थांबले. लोक वाट पाहत राहिले. सरकार नाही आलं, पाऊस नाही, गुरंढोरं नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. कुणाचा आवाज त्यांना ऐकू येत होता ते त्या अंगणात बहुधा मला एकटीलाच ठाऊक होतं.

“नाथा गेला,” बापू म्हणाले. “आमी आत्ता आलो.”

पुढे काही नाही. ते तसेच उभे, टोपी छातीशी धरून. मग उंबऱ्याकडून हुंदका आला, एक, आणि त्यामागे दुसरा, आणि रत्नाबाई कपाळ चौकटीला टेकून मोठ्यानं रडू लागल्या, नवरा मेलेली बाई रडते तशा. बायका त्यांच्याभोवती गेल्या. रडण्यातूनच त्यांनी तो शब्द म्हटला, तुटक, पण सगळ्यांना ऐकू येईल असा.

“आमेन.”

मग आम्ही सगळे म्हणालो. आमच्या ह्यांचं आमेन सगळ्यांत मोठं होतं.